परसाचा चार्ज माझ्याकडे

१९ नोव्हेंबर १९७४, सकाळी ६
काल अंजनाला मिरजेच्या दवाखान्यात ॲडमिट केलं. पोटाचं दुखणं. डॉक्टर बराच वेळ बोलले. त्यातलं मुद्द्याचं एवढंच की विश्रांती पाहिजे. म्हणजे पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. तिची बहीण राहीबाई सोबतीला राहिली आहे.

तोवर परसाचा चार्ज माझ्याकडे. पाच कोंबड्या, एक कोंबडा, एक शेळी, कोबी, मेथी, वांगी आणि न्हाणीच्या सांडपाण्यावरचं अळू. मी बावीस वर्षं मिलिटरीच्या सप्लाय डेपोत काढली, नंतर कुपवाडच्या कारखान्यात स्टोअरकीपर. अख्ख्या बटालियनचं रेशन सांभाळलेल्या माणसाला हे काय जड? अंजना सगळं अंदाजाने करते. कुठे रजिस्टर म्हणून नाही. ती परत येईल तेव्हा तोंडात बोटच घालेल.

आजपासून पाचला उठणे. (आज सहा वाजले. दवाखान्याची दगदग.)

२२ नोव्हेंबर
अळू उपटून टाकलं. डास होतात. तिथे शास्त्रोक्त पद्धतीने टोमॅटो लावणार.

कोंबड्यांना सकाळी फॉल-इनची सवय लावतो आहे. शिट्टी वाजवली, एकही आली नाही. शेजारची मनुबाई कुंपणापाशी आली, तिने जिभेने कसलासा आवाज काढला, तर सगळ्या तिच्या पायात. शिस्त बिघडवणारी माणसं अशी असतात.

२५ नोव्हेंबर
काळी कोंबडी टोपलीतून उठत नाही. अंग फुगवून बसली आहे, हात लावला की टोचते. सिक रिपोर्टमध्ये नाव घातलं. मनुबाई हसली. म्हणाली, आवं दादा, आजारी कशाची, खुडूक हाय ती. तिला अंड्यांवर बसायचंय. घरची अंडी ठेवा खाली, पिल्लं निघतील. अंजीची लय लाडकी हाय ती काळी.

हे मला माहीत होतंच. फक्त खात्री करत होतो.

२६ नोव्हेंबर
घरची अंडी बारकी आणि मळकट. असल्या मालातून काय निघणार? सायकल काढून पोल्ट्रीवर गेलो, पांढरीशुभ्र तेरा अंडी आणली. सगळी एका मापाची, बघून डेपोची आठवण झाली. काळीच्या खाली ठेवली. तिने काही तक्रार केली नाही. चोचीने एकेक आत ओढून घेतलं.

मनुबाई म्हणाली, दादा, पोल्ट्रीत कोंबडा नसतोय. कोंबडा लागल्याबिगर पिल्लू कसं व्हायचं? ती अंडी खायची असत्यात. मी सांगितलं, हे विज्ञानयुग आहे. ती गप्प बसली, म्हणजे पटलं.

एकवीस दिवस. तारीख १७ डिसेंबर. अंजना तोवर घरी असेल.

१ डिसेंबर, रात्री
भेटून आलो. जरा वाळली आहे. दवाखान्याचं जेवण. तिने पहिल्यांदा अळूची चौकशी केली. जोरात आहे म्हटलं. काळीखाली तेरा अंडी ठेवली हेही सांगितलं, पांढऱ्या रंगाचा उल्लेख अनावश्यक वाटला. फार खूश झाली. म्हणाली, दाणा-पाणी तिच्या टोपलीजवळच ठेवा. ती उठायची न्हाई. उपाशी मरंल, पण उठायची न्हाई.

सूचना बरी होती. मलाही सुचली असती.

व्हरांड्यात डॉक्टरांनी हाक मारली, दोन मिनिटं बसा म्हणाले. बसची वेळ झाली होती. पुढच्या वेळी बघू.

(बस पाऊण तासाने आली.)

८ डिसेंबर
शेळीने सगळा कोबी खाल्ला. मी मारलेली गाठ मिलिटरीतली होती, त्यामुळे दोष शेळीचा. बुंधे उरले आहेत. नाहीतरी अंजनाला सध्या कोबी चालणार नाही. राहीबाई सांगत होती की पेजसुद्धा पोटात ठरत नाही. पेज पातळ असते, तिचा कसला भरवसा. घट्ट काही द्यायला पाहिजे.

१७ डिसेंबर, पहाटे ४.३०
बॅटरी घेऊन टोपलीपाशी हजर. टोपी घातली आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
काही नाही. यंदा थंडी फार, त्यामुळे उशीर. दोन दिवस ग्रेस.

१९ डिसेंबर
भेटून आलो. तिने विचारलंच. अकरा निघाली म्हणून सांगितलं. तेरा सांगणार होतो, पण अकरा खरं वाटतं. रंग कसा म्हणाली. मी म्हटलं, पांढरी, त्यात दोन ठिपक्यांची. काळ्या कोंबडीखाली पांढरी कशी, असं विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. तिने विचारलं नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग डोळे मिटून हसली आणि माझा हात धरला. वॉर्डात, लोकांसमोर. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.

सुधारणा आहे, नक्की.

राहीबाई दारापर्यंत आली. दाजी, तुमी डाक्टरास्नी एकदा तरी भेटा, म्हणाली. तिला काळजी करायची सवयच आहे.

२३ डिसेंबर
मनुबाईने आज न विचारता एक अंडं दगडावर फोडलं. वास सहन होईना. तेराही तसलीच. तिने खड्डा काढून पुरली आणि मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पोल्ट्रीला तक्रारीचं पत्र लिहिणार.

काळी रिकाम्या टोपलीत बसून आहे. तीन वेळा उचलून बाहेर ठेवली, तीन वेळा परत जाऊन बसली. मनुबाई म्हणाली, गार पाण्यात बुडवून काढा, मग मोडंल खूळ, समदी तसंच करत्यात. बादली भरली. काळीला उचललं तर पिसांच्या आत वजनच नाही. नुसती हाडं, आणि छाती धडधडतेय. मला काही तिला बुडवता आलं नाही. परत टोपलीत ठेवली आणि तिथेच पायरीवर बसून रडलो. एका कोंबडीसाठी. कारण कळलं नाही.

पत्र लिहिलं नाही.

३ जानेवारी १९७५
डिस्चार्ज! राहीबाईचा निरोप आला. डॉक्टर म्हणाले, आता घरी घेऊन जा. मी म्हणत नव्हतो? आळीत सगळ्यांना सांगून आलो. मनुबाईने ऐकून पदर डोळ्यांना लावला. बायका चांगल्या बातमीलाही रडतात.

पिल्लांचं काय सांगायचं ते ठरवलं. मुंगसाने नेली. एका रात्रीत अकरा, मोठं मुंगूस.

५ जानेवारी
टॅक्सीने आणली. टॅक्सीत मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, पाय अवघडले नाहीत. मागच्या दारात खाट टाकून दिली. तिथून सगळं परस दिसतं. अळू नाही, कोबीचे बुंधे, मेथीला फुलं आलेली. टोमॅटो अजून लावायचे आहेत. मी मुंगूस तयार ठेवलं होतं. पिल्लांचं नावसुद्धा काढलं नाही तिने. एवढंच म्हणाली, काळी लय वाळली की वं.

दुपारभर काळीला पोटाशी घेऊन पडून होती. संध्याकाळी काळीने तिच्या हातातले चार दाणे खाल्ले.

९ जानेवारी
आज तिने मनुबाईला बोलावून कोंबड्या आणि शेळी तिच्या हवाली केली. मला विचारलं नाही. मी हरकत घेतली. उन्हाळ्याचा प्लॅन सांगितला, काकडी, दोडका, मांडवाचा नकाशा काढलेला आहे. शेळीसाठी नवीन गाठही शोधली आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुमास्नी एकट्याला न्हाई जमायचं.

मी म्हटलं, एकट्याला कशाला? तू आहेस की.

मनुबाई खाली बघत राहिली. राहीबाई आत निघून गेली. मी उठून शेळीचं दावं सोडून मनुबाईच्या हातात दिलं.

११ जानेवारी, दुपार
अंजना म्हणाली, तुमची ती वही आणा. मला वाटलं, शेवटी रेकॉर्ड बघायची इच्छा झाली. आणली. म्हणाली, मी सांगते ते लिवा.

मीठ वरच्या फळीवर, डाव्या हाताला, चिनी मातीच्या बरणीत. चहापूड त्याच्या मागं. रोजचा तांदूळ बारक्या डब्यात, मोठ्या डब्यातला सणाचा, त्याला हात लावायचा न्हाई. भात टाकताना पाणी वर बोटाचं एक पेर. भाकरी तुमाला जमायची न्हाई, मनुबाई देईल, तिला न्हाई म्हणू नका. तुमचा स्वेटर ट्रंकेत खाली हाय, घालायच्या आधी ऊन द्या.

तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. घरात मीठ कुठे आहे ते आज कळलं.

मी म्हटलं, एवढं सगळं आजच कशाला, होईल हळूहळू. ती म्हणाली, लिवा. लिहिलं.

मग दमली. डोळे मिटले. मी विचारलं, पुढचं? म्हणाली, जरा थांबा.

थांबलो आहे.