यंदा मुराळी सायकलवर येतोय

प्रिय अक्का,

परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. तुझ्या नावाची पहिली घागर परवा सावद्याला भरतील. दाजींचा काल फोन आला होता. ‘तुम्ही असायला पाहिजे’ एवढंच म्हणाले. मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि सरळ सायकलच्या दुकानात गेलो. तिथे काय केलं ते शेवटी सांगतो. आधी एक कबुली द्यायची आहे. तू असतीस तर कदाचित कधीच दिली नसती, टाळत राहिलो असतो. मला तू ओळखतेसच.

तू लग्न होऊन सावद्याच्या केळीवाल्या घरात गेलीस तेव्हा मी आठवीत होतो. तेव्हापासून दर आखाजीला तुला माहेरी आणायला मुराळी म्हणून मीच. आधी एसटीने, मग मोटरसायकलने, मग गाडीने. तू पिशवी भरून सकाळपासून ओट्यावर बसलेली असायचीस आणि वर मलाच म्हणायचीस, एवढी काय घाई, चहा तरी घे. गावी पोचल्यावर आईला भेटायच्या आधी कडुनिंबाखाली जाऊन झोका बघायचीस. डोक्यात पांढरे केस आले तरी पहिला झोका तुझाच.

एवढ्या वर्षांत एकच आखाजी चुकली, गेल्या वर्षीची. मी फ्रान्समध्ये होतो.

धुळ्याच्या आमच्या पाच जणांच्या टोळीने दोन वर्षं ठरवून काढलेली ती सहल. कच्च्या रस्त्यांवर चालवायच्या जाड टायरच्या सायकली, पाच दिवस, जंगलातून आणि नदीच्या खोऱ्यातून. माझी सायकल पहिल्यांदा पाहिलीस तेव्हा तू तिच्या वळलेल्या हँडलवरून हात फिरवून विचारलं होतंस, हे मेंढ्याचं शिंग कोणी बसवलं म्हणून. मग मागे बघितलंस. कॅरिअर नाही? मग माणूस बसणार कुठे?

या सायकलवर एकट्यानेच बसायचं असतं अक्का, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

कोणाला सांगत होतो मी? घरात सायकल चालवणारी तू होतीस. आपल्या वडिलांची ती काळी उंच सायकल, सीटवरून पाय पुरत नव्हते तेव्हा दांड्याखालून पाय घालून चालवायचीस. शाळा पांझरेच्या पलीकडे. पुलावरून लांब पडायचं म्हणून उन्हाळाभर तू नदीतून आडवी जायचीस. वाळूत चाक रुतलं की खाली उतरून ढकलायचीस आणि मला कॅरिअरवरून उतरू द्यायची नाहीस. मधल्या धारेत तुझे पाय भिजायचे, माझे बूट कोरडे. लग्न ठरलं आणि सायकल भिंतीला टेकली. सावद्याला तुला कोणी नको म्हटलं नव्हतं. कोणी विचारलंही नाही, आणि तू बोललीही नाहीस. मीही कधी विचारलं नाही, अक्का. तुला चालवावीशी वाटते का, हा एवढा साधा प्रश्न.

जायच्या आधी फोन करून म्हणालो होतो, यंदा बसने ये, आई वाट बघेल. तू ‘बघू’ म्हणालीस. त्या ‘बघू’चा अर्थ न कळण्याइतका मी लहान नव्हतो. पण तिकिटं काढून झाली होती. मनाची समजूत घालायला मी तुला म्हटलं, रोज सकाळी मोबाइलवर माझा ठिकाणा पाठवत जाईन. नकाशावर एक ठिपका दिसेल, मी चालेन तसा तो चालेल.

मला वाटलं होतं, एखाद्या दिवशी बघशील आणि विसरशील.

तू दिवसभर बघत बसलीस! मयुरी सांगत होती, केळीची पानं कापताना, भाकरी थापताना, मोबाइल समोर उभा करून ठेवलेला. पोरीने आईला आयुष्यात एवढा मोबाइल बघताना पाहिला नव्हता. आणि ठिपका थांबला की तुझा फोन यायचा.

“का थांबना रे भाऊ? काय व्हयनं?”

कधी पंक्चर, कधी नुसतं बघायला थांबलेलो. दोर्दोन्य नावाची नदी, तिच्या दोन्ही अंगांना ओकचं रान, पांढऱ्या खडीचा रस्ता झाडांच्या सावलीतून खाली नदीकडे उतरत जाणारा. चाकाखाली खडीचा आवाज तेवढा. मध्येच अक्रोडाच्या बागा लागायच्या. तू विचारलंस, दोन झाडांत अंतर किती? मी पावलं मोजून सांगितलं. तू म्हणालीस, एवढी जागा मोकळी? आमच्याकडे तेवढ्यात केळीच्या चार ओळी बसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ठिपका थांबला तो कबरस्तानापाशी. तिकडे गावोगावच्या कबरस्तानात पाण्याचा नळ असतो, सायकलवाले तिथेच बाटल्या भरून घेतात. मला वाटलं, हे ऐकून तू ओरडशील, मसणातलं पाणी पितोस म्हणून.

“मंग ती आपली घागरच शे,” म्हणालीस. “पी पोटभर.”

लगेच पुढच्या दिवशी आखाजी होती. आपण आपल्या गेलेल्यांसाठी पाणी भरून ठेवतो, तिथे गेलेल्यांच्या दारात मला पाणी मिळालं, हे तुला आवडलं होतं. त्या दिवशी तुझा आवाज किती मोकळा होता! तोच तुझा शेवटचा मोकळा आवाज मी ऐकला. पुढचं माझ्या हातून झालं.

आखाजीच्या दिवशी दुपारी आम्ही पाचही जण नदीकाठी भाकरतुकडा खायला बसलो होतो. भाकरतुकडा म्हणजे पाव आणि चीज. मुक्कामाचं गाव समोरच्या काठावर दिसत होतं, पण पूल बराच लांब होता. तुझा फोन आला. हात चिकट होते म्हणून मी स्पीकर लावला. तू नकाशा बघूनच फोन केला होतास. वळसा कशाला घेतोस, म्हणालीस.

“वैशाखमा नदीले पानी कोठून राही? नदीमाईन आडवा जाय, लवकर पोचशी.”

समोर नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. माणूस बुडेल एवढं पाणी. तिकडच्या नद्या मे महिन्यात आटत नाहीत हे तुला कोणी सांगितलं होतं? सगळे हसले. हसले तर हसले, त्यात वाईट काही नव्हतं. पण मला लाज वाटली. तुझी लाज वाटली, अक्का. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, “अक्का, तू आपली केळी सांभाळ. रस्ता माझा मी बघतो.”

तू ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास.

मी तिथेच बसल्या बसल्या ठिपका बंद केला. पुढचे दोन दिवस पाठवलाच नाही. परत आल्यावर तू विचारायच्या आधीच सांगून टाकलं, जंगलात रेंजच नव्हती. तू म्हणालीस, हो रे, जंगलात कुठली रेंज.

राखीला आलो तेव्हा बोलायचं ठरवून आलो होतो. दाजी बागेतल्या घडांचं सांगत बसले, चहा झाला, तू राखी बांधलीस. निघताना फाटकापर्यंत आलीस आणि हळूच विचारलंस, परत जाशी का रे तठे? मी म्हणालो, बघू. तुझाच शब्द तुला परत दिला. गाडीत बसलो तेव्हा मनात म्हटलं, दिवाळीला नक्की बोलू.

दिवाळीला पंधरा दिवस असताना तू गेलीस. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी मयुरीचा फोन. थांबली का नाहीस गं? भाऊबीजेपर्यंत तरी!

गेल्या महिन्यात मयुरीने तुझा मोबाइल माझ्या हातात दिला. म्हणाली, मामा, आईने तुमच्या प्रवासाचे फोटो ठेवलेत, तुम्ही बघितले नसतील. मला वाटलं मी पाठवलेले असतील. तसे नव्हते. ठिपका जिथे जिथे थांबला तिथला तिथला नकाशा तू मोबाइलमध्ये टिपून ठेवला होतास. मयुरीकडून शिकून घेतलंस म्हणे. अक्रोडाची बाग, कबरस्तान, पंक्चर झालेलं वळण, सगळं ओळीने.

शेवटचा नकाशा आखाजीचा. त्यावर खाली स्पष्ट लिहिलेलं होतं, ठिकाणा पाठवणं बंद केलं आहे. म्हणजे तुला माहीत होतं. दहावीपर्यंत शिकलेली बाई तू, तुला वाचता येत होतं. रेंजचं खोटं मी तुझ्या तोंडावर बोललो आणि तू ते माझ्यासाठी खरं मानलंस.

आणि त्या नकाशावर एक लाल रेघ होती. बोटाने काढलेली, थरथरती. माझा ठिपका जिथे मेला तिथून ती निघाली होती आणि थेट नदीत शिरून, आडवी पार होऊन, मुक्कामाच्या गावाला पोचली होती. मयुरी म्हणाली, ही रेघ कशी काढायची तेही आईने त्याच दुपारी विचारलं होतं.

मी पुलावरून गेलो, अक्का. नदी तू ओलांडलीस. आखाजीला माहेरी न्यायला कोणी आलं नाही, तर तू माझा उरलेला रस्ता चालवलास. हे मी त्या दिवशी फोनवर ऐकू शकलो असतो. ठिपका चालू असता तर आपण दोघं मिळून हसलो असतो त्या भरलेल्या नदीवर.

आता दुकानाचं सांगतो. मेकॅनिक ऐकेना. सर, या सायकलला कॅरिअर बसत नाही, बसवलं तरी शोभत नाही, म्हणाला. मी म्हटलं, मला बहिणीला आणायला जायचंय. तो कामाला लागला.

उद्या पहाटे आपल्या घरून निघेन. आईने सांजोऱ्या करून ठेवल्यात, त्या कॅरिअरला बांधून आणतो. पांझरा पुलावरून नाही, नदीतून आडवी पार करेन, जिथून तू मला न्यायचीस तिथूनच. वाळूत चाक रुतलं की मी उतरून ढकलेन. ठिपका निघतानाच चालू करेन, तुझ्याच नंबरवर. मयुरी मोबाइल ओट्यावर ठेवणार आहे. संध्याकाळी सावद्याला पोचेपर्यंत तो एकदाही बंद होणार नाही, आणि मी कुठे थांबलोच तर का थांबलो ते मोठ्याने सांगेन. परवा तुझ्या घागरीला पाणी घालून नमस्कार करेन आणि परत फिरेन. लोकांना वाटेल, कॅरिअर रिकामं आहे. वाटू दे.

पिशवी भरून ठेव. चहाला थांबणार नाही.

तुझा,
मागे बसणारा भाऊ