पळसदरीच्या चढावर थांबलेल्या व्हॅनबाबत

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू प्रथम लिहितो, कारण बाकीचं विकत घेतलेलं आहे आणि त्याच्या पावत्या आहेत. घराचं लोखंडी फाटक. माळ्यावर जायची शिडी, तेरा पायऱ्यांची. भात झोडायचं पायाने चालणारं यंत्र. गणपतीचं फिरतं मखर, मोटर जुन्या पंख्याची. स्वयंपाकघरातली मांडणी, जिचा खालचा कप्पा अर्धा इंच उतरता आहे. तो पाणी निथळावं म्हणून मुद्दाम तसा ठेवला आहे, चूक नव्हे, हे मी बावीस वर्षं सांगत आलो. आणि १९७८ सालची पेट्रोल व्हॅन, जी मी भंगारातून चाकांशिवाय आणली आणि पाच वर्षांत रस्त्यावर काढली.

हे सगळं करणारा मी, विलास पदू ठोंबरे, वय ५४, राहणार मौजे शेलू, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, शिक्षण नववी, कुणाचाही शिष्य नाही, हे मृत्युपत्र चष्मा लावून, डोकं ताळ्यावर ठेवून, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मला आजार नाही. शेजारचे भिवाजीकाका काही न लिहिता गेले आणि त्यांचे दोन मुलगे एका ताडपत्रीवरून पोलीस ठाण्यात जाऊन आले, एवढंच कारण. ताडपत्री फाटकी होती.

वकिलांनी मसुदा दिला होता. त्यात "हत्यारे, यंत्रे इत्यादी" असं होतं. इत्यादी म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाले, "म्हणजे सगळं आलं." असं सगळं येत नसतं. मसुदा परत केला. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. शेलूचं घर, त्याखालची जागा आणि अंगणातला आंबा माझ्या पश्चात पत्नी सौ. छाया हिच्या मालकीचा होईल. तिच्यासमोर कुणीही "बिल्डर चांगला भाव देतोय" हे वाक्य उच्चारू नये. तिच्यानंतर घर मुलगा नीलेश याचं. बँकेतल्या ठेवींवर छायाचं नाव आहेच. त्यावर शाई घालवत नाही.

कलम २. हत्यारं नीलेशला. तो कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो आणि स्क्रूड्रायव्हरने रंगाचे डबे उघडतो. तरी मुलगा आहे. पाने भिंतीवर ज्या क्रमाने टांगले आहेत त्या क्रमानेच राहावेत. प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याची आकृती काढली आहे, त्यामुळे "कळलं नाही" ही सबब चालणार नाही. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, आणि टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट पोहोचतो का हे बघायचा दोन क्लिपांचा दिवा, त्याला नाहीत. ते व्हॅनबरोबर जातील.

कलम ३. व्हॅन माझी भाची हर्षला हिला. ती माझी थोरली बहीण सुनंदाआक्का आणि खालापूरचे रोहिदास दाजी यांची मुलगी. ती सध्या स्कूटर चालवते, शिकेल. अटी दोन. इंजिन काढून तिच्यात कॉफीचं दुकान मांडायचं नाही. शेतघरवाले विचारायला येतात, त्यांना चहा पाजून वाटेला लावावं. दुसरी अट कलम ४ वाचल्यावर समजेल.

कलम ४. हे कलम लिहायला मला तेरा महिने लागले.

पेट्रोल इंजिनात ठिणगी वेळेवर पडावी लागते. जुन्या पद्धतीत पॉइंट नावाची बोटाच्या पेराएवढी जोडी उघडझाप करते आणि ठिणगी पडते. पॉइंट झिजतात, दर दोन महिन्यांनी घासा, गेजने फट बघा, नाहीतर गाडी चढावर मिस मारते. २०२२ च्या एप्रिलमध्ये मी ठरवलं की हे बंद. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक सेट बसवायचा. तो डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डब्यात, बसतो. जुना डिस्ट्रिब्युटर पॉइंटसकट तसाच तेलकट ठेवला आणि सेटसाठी दुसरा आणला. तो रॉकेलने धुतला, घासला आणि चंदेरी रंगाचे दोन हात दिले. बुडाला आणि पट्टीलासुद्धा, जिथे तो इंजिनावर बसतो. कुणाला दिसणार नव्हतं, पण मला माहीत असतं.

मे महिन्यात हर्षलाचं लग्न. नवरीला मामाने मांडवात न्यायचं असतं. भाड्याची गाडी ठरलेली होती; ती मी रद्द करायला लावली. खालापूरहून निघालो तेव्हा व्हॅन अशी चालत होती की बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवावा. पळसदरीच्या चढावर खोकली, धापली आणि थांबली. मुहूर्त साडेबाराचा, हॉल कर्जतला, आणि वाजले होते पावणेबारा.

मी पेट्रोल बघितलं. प्लग बघितले. कॉइल बदलली, जास्तीची कॉइल सोबत ठेवतो. हर्षला शालू सावरत म्हणाली, "मामा, घाम पूस, फोटोत दिसंल." मागून वऱ्हाडाचा टेंपो आला. त्यातून दाजी उतरले, फेटा बांधलेले. दाजींचं खालापूर फाट्याजवळ डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं; मी त्या दिवशी जरा जास्तच लक्षात घेतलं.

ते वाकले, बघितलं, नि म्हणाले, "इलास, रंग लय ग्वाड दिलास रं. अर्थिंग कुठनं येतंय?"

मी म्हणालो, "दाजी, तुम्ही डिझेलवाले. ठिणगी तुम्ही फक्त दिवाळीत बघता."

टेंपोतले सगळे हसले. दाजी हसले नाहीत. थोडं बोलणं झालं आणि मग त्यांनी मुलीला टेंपोत बसवलं. नवरी कांद्याच्या टेंपोतून मांडवात गेली आणि तिला मांडवात नेलं ते तिच्या बापाने. मी दोन वाजता पोहोचलो. जेवणाची दुसरी पंगत बसत होती.

त्यानंतर व्हॅनचा जुना डिस्ट्रिब्युटर लावला की गाडी चालायची, नवा लावला की तापल्यावर थांबायची. म्हणजे दोष सेटचा, हे कुणीही म्हणेल. मी तीन सेट बदलले. ज्या दुकानदाराकडून घेतले त्याला दुकानात उभं राहून चोर म्हणालो. टायमिंग अकरा वेळा बांधलं. लोक सांगायला यायचे. ज्यांना सायकलची चेन चढवता येत नाही ते सांगायचे, "कार्बोरेटर साफ करा." कार्बोरेटर! जुनी गाडी थांबली की या मुलखात प्रत्येकाला कार्बोरेटरच आठवतो. दाजींचं वाक्य मात्र मी आठवायचं टाळलं. दोन वर्षं पाच महिने.

मागच्या वर्षी दसऱ्याला पूजेसाठी हत्यारं पुसत होतो. नवा डिस्ट्रिब्युटर लावलेली व्हॅन नुकतीच तापून अंगणात बंद पडली होती, आणि टेस्ट लॅम्पची एक क्लिप बॅटरीच्या प्लसला लावलेली होती. दुसरी मी नेहमी इंजिनाला लावतो. त्या दिवशी ती घसरून डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरच्या उघड्या स्क्रूला लागली आणि दिवा विझला. इंजिनाला लावली, लागला. डिस्ट्रिब्युटरला लावली, विझला. मी असं नऊ वेळा केलं.

डिस्ट्रिब्युटरला अर्थिंग, म्हणजे करंटला परत जायची वाट, मिळतं ते त्याच्या बुडातून, आणि बूड मी रंगवलं होतं. रंगातून करंट जात नाही. थंड असताना कुठून तरी चिकटून चालायचं, तापलं की सुटायचं. जुना चालायचा, कारण तो मी रंगवला नव्हता. तिन्ही सेट चांगले होते. दुकानदार चोर नव्हता. रंग खरवडला, डिस्ट्रिब्युटरपासून इंजिनापर्यंत वेगळी वायर टाकली. तेव्हापासून गाडी एकदाही थांबलेली नाही, बोरघाटसुद्धा चढली. हर्षलासाठी दुसरी अट हीच: ती वायर काढू नये आणि तिच्या टोकांना रंग लावू नये.

छायाला सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन सांगा त्यांना."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

चार भाऊबिजा झाल्या. आक्का आत येऊन ओवाळते आणि दाजी शेलूच्या फाट्यावर मोटारसायकल लावून उन्हात थांबतात. यंदा ओवाळणी घालताना आक्काला म्हणालो, "दाजींना म्हणावं, एका कागदावर साक्षीदार म्हणून सही पाहिजे." आक्का म्हणाली, "सहीला बोलावतंस, घरात ये म्हणाया तुजं त्वांड काय गहाण हाय का रं?" पण निरोप दिला.

कलम ५. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून दाजींना मी काहीही दिलेलं नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असं नाही, हेही ते म्हणाले. माझ्या साक्षीदार क्रमांक एकने कलम ४ वाचल्याशिवाय सही करू नये.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत त्याखाली सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

लिहून देणार: विलास पदू ठोंबरे (सही)

साक्षीदार १: रोहिदास गोमा भोईर, वय ६१, खालापूर, धंदा डिझेल मेकॅनिक (सही)

साक्षीदार २: राजेश मिणमिणे, वय ४७, शेलू, शेजारी (सही)

ठिकाण: शेलू. शनिवार, दिनांक १५ नोव्हेंबर २०२५.

पुरवणी. तारीख तीच, तिघांच्या सह्या समासात. दाजी अकरा वाजता आले. कलम ४ उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. पेन हातात घेतलं नाही. म्हणाले, "इलास, यात एक राह्यलंय."

मी म्हणालो, "काही राहिलेलं नाही. टायमिंग अकरा वेळा बांधलं तेही लिहिलंय."

"थोडं बोलणं झालं, असं लिवलंस. काय बोलणं झालं?"

राजेश खिडकीबाहेर बघू लागला. छायाने चहा आणला होता. ती कप धरून तिथेच उभी राहिली.

"ते लिव, तवा सही करतो," दाजी म्हणाले.

म्हणून लिहितो. पळसदरीच्या चढावर बारा वाजायला पाच मिनिटं असताना दाजी टेंपोतून वायरचा तुकडा घेऊन आले होते. सगळ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याजवळ येऊन हळू बोलले. त्यांचे शब्द: "दोन मिन्टात लावतो. फुकट नाय लावत, म्हणजे तुला उपकार वाटायचा नाय. मजुरी दे, नि पोरीला तूच ने मांडवात." हा प्रस्ताव मी नाकारला. मागितलेली मजुरी रुपये ४०, अक्षरी चाळीस मात्र.