आंधळ्या विहिरीत टाकलेलं नाव

सिंदी, कार्तिक व. ३, सन १९५३

ती. बाबारावदादास रुख्मिणीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

कांताचे बाबा आता घरचे राह्यले नाईत. गावाबाहेरच्या आंधळ्या विहिरीच्या पंथात ते गेले. हे लोक विहिरीत आपलं एकएक सोडतात अन् विहीर ते खरंच गिळते. कांताच्या बाबांनी आधी झोप देली, मंग सावली. उन्हात उभे राह्यले तर पायापाशी काही पडत नाई. तुही भाची ते पाहून रडते. आता अवसेले सोता उतरणार म्हणतात. उतरलेला कोणी वर आला नाई.

पंथातली जिजाबाई मले कळवळून म्हणाली, की विहिरीत ज्याचं नाव टाकलं त्याले सारं जग विसरते. मी यांचंच नाव टाकीन म्हणते. पंथवालेही विसरतील, मंग यांना उतरवणार कोण? मीही विसरीन, दादा. पण माणूस जित्ता तर राहीन. लौकर कळवजो.

माया होती तशीच ठेवजो.
तुही रुख्मिणी

पुलगाव, कार्तिक व. ९

चि. सौ. रुख्मिणीस अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. रूपरावसारखा हसरा माणूस असल्या नादी काऊन लागला? तू मात्र त्या विद्येशी खेळू नको, बाई. गिरणीत सुटी मागितली आहे. अवसेच्या आधी येतो अन् त्याले ओढून नेतो.

कांता कशी आहे? बोलून बोलून डोकं खात असंन. तू तर लगनात उखाण्यातही नवऱ्याचं नाव घेतलं नाई, पाहुण्यांनी जीव खाल्ला तरी मुकी. पोरगी कोणावर गेली देव जाणे.

जिवाले जपजो. तुहा दादा

सिंदी, मार्गशीर्ष शु. २

ती. दादास नमस्कार.

तुले सुटी भेटली नाई अन् अवस आली. मी विहिरीवर गेलती. लोक यांचा हात धरून पायरीवर नेऊन राह्यले होते. मी वाकली, नाव टाकायले गेली, तर जीभच वळेना. जल्मात कधी घेतलं नाई ना. मंग घाईत रोज हाक मारते तसंच म्हणून गेली, अमकीचे बाबा म्हणून. ती अमकी कोण, ते आता काही केल्या आठवत नाई. विहिरीनं तेच पहिलं नाव घेतलं असंन. यांना कोणीच विसरलं नाई. हे उतरले, दादा. मी पाहत राह्यली.

एक इचारायचं आहे. घरात एक लहान पोरगी येऊन राह्यली. कोणाची, ते शेजारणींनाही ठाऊक नाई. मले आई म्हणते, पदर सोडत नाई. बाहेर काढली तर दारात बसून रडते. हिचं काय करू?

दुःखी रुख्मिणी

पुलगाव, मार्गशीर्ष शु. ६

गं. भा. रुख्मिणीस आशीर्वाद.

सौ. लिहायले गेलो अन् हात थांबला. रूपराव गेला, आता तिथं तुहं कोण आहे? देवानं एक लेकरू देलं असतं, तर त्याच्याकडे पाहून दिवस काढले असते. तेही नाई. तू माहेरी ये.

त्या पोरीत जीव गुंतवू नको. परक्याचं लेकरू, उद्या कोणी मागायले येईन. वर्ध्याले अनाथ पोरांची सोय आहे. तिथं तिले सोड अन् तशीच पुलगावची गाडी धर. रडली तरी मागं पाहू नको. मी स्टेशनात उभा राहतो.

एकटीच येजो.
तुहा दादा