महायुद्ध: इयत्ता चौथी, सर्व विषय

७ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून ही वही. नियम एकच: जे घडलं तेच लिहायचं. वाढवून नाही, कमी करूनही नाही.

चार्ट पूर्ण झाला. पहिलं महायुद्ध, पाच आठवडे, सगळ्या विषयांतून. गणित: शेतात सापडलेल्या वस्तूंची वजनं. भूगोल: आपल्या गावातून गेलेले खंदक. विज्ञान: चिखल. भाषा: सैनिकांची पत्रं. व्यायाम: वाळूच्या पिशव्या वाहणे. संगीत: एक मिनिट शांतता. शांतता संगीतात बसते का, यावर अर्धा तास विचार केला. बसते.

शेवटचा तास शुक्रवार, ८ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा. (अकरा नोव्हेंबरला युद्ध संपल्याची सुट्टी, म्हणून आधीचा शुक्रवार.) पाहुणे वक्ते: पपा.

ही पद्धत मुळात पपांचीच. बारा वर्षांची होईपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. मी पाच वर्षांची असताना आई गेली आणि पपांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं. नांगराला लागलेल्या काडतुसांवरून बेरीज-वजाबाकी, खंदकांवरून दिशा, घोड्यांच्या नालांवरून इतिहास. लोक पपांबद्दल म्हणायचे, उर्बाँचं डोकं फिरलंय. खरं म्हणजे ते काळाच्या पुढे होते. जे एका मुलीला मिळालं ते आता बावीस मुलांना मिळेल.

पपा सध्या ईपर शहरातल्या हॉस्पिटलात आहेत. खोकला. तपासण्या चालू.

९ ऑक्टोबर, बुधवार
अर्धा दिवस शाळा. पपांना चार्ट दाखवला. म्हणाले, चौथीच्या पोरांना पाच आठवडे युद्ध? अगं, जर्मनांनासुद्धा एवढी चिकाटी नव्हती. हसले, मग बराच वेळ खोकले. नकार दिला नाही. चार्टमध्ये त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

घरी येताना पाहिलं, खांबाशी गोळा अजून तसाच आहे. पपांनी हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तो तिथे ठेवला होता. आमच्याकडे पद्धतच आहे: नांगरताना तोफेचा न फुटलेला गोळा निघाला की रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाशी आणून ठेवायचा, फोन करायचा, लष्कराची गाडी येऊन नेते. पपा म्हणतात, खांबापर्यंत आपण न्यायचं, पुढे नेणारे येतात. मी पुन्हा फोन केला. यादीत नाव आहे म्हणाले.

१४ ऑक्टोबर, सोमवार
शांततेचा पहिला सराव. अकरा सेकंद. मग कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. दुसऱ्यांदा नऊ सेकंद. चार्टमध्ये लिहिलं: प्रगती अपेक्षित.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
गणिताचा तास. सविस्तर लिहिणं भाग आहे.

पालकांना चिठ्ठी मी पाठवली होती: "आपल्या शेतात सापडलेली युद्धकाळातली एक वस्तू, वजन करण्यासाठी. कृपया स्वच्छ करून पाठवावी." मुलांनी बटणं आणली, एक चमचा, दोन नाल. फेन उशिरा आली. तिच्यामागून तिचे आजोबा ओमेर, आमचे शेजारी, पपांचे पत्त्यांतले भिडू. त्यांच्या हातांत तान्ह्या बाळासारखा गोळा. भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला. फेन म्हणाली, बाई, मी ब्रशनं घासलाय. ओमेर म्हणाले, तुम्ही सरा, काट्यावर मी ठेवतो, तुमची कंबर जाईल.

काटा दहा किलोंचा. तो बंद पडला. त्याच वेळी मुख्याध्यापिका लुटगार्डबाई कॉफी घेऊन दारातून डोकावल्या.

चार मिनिटांत सगळी शाळा चर्चच्या पटांगणात. तासाभरात लष्कराची गाडी. ओमेर त्या जवानाला म्हणाले, काय राव, माझ्या शेजाऱ्याचा गोळा महिना झाला खांबाशी वाट बघतोय, तेव्हा तुम्हाला सवड नाही. इथून पुढे सगळे शाळेतच आणत जाऊ का?

चूक माझी आहे. स्वच्छ करून आणा लिहिलं, काय आणू नये ते लिहिलं नाही. पण खरंच सुचलं नाही. घरी आम्ही बटाट्यांच्या काट्यावर करायचो वजन. माझ्या जुन्या वहीत आहे: गोळा चौदा किलो, बटाट्यांचं पोतं पंचवीस किलो, फरक किती? पपांनी त्याखाली लाल शाईत "शाब्बास" लिहिलंय.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
लुटगार्डबाईंनी बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. म्हणाल्या, रोझेलीन, तू मनापासून करतेस, तीच पंचाईत आहे. गणित रद्द. व्यायामही रद्द. चार विषय उरले. एका अर्थी बरं, लक्ष एकवटेल.

ओमेरनी सगळी हकीगत पपांना आधीच सांगितली होती. पपा इतके हसले म्हणे की नर्स धावत आली. संध्याकाळी त्यांनी ताकातल्या पेजेचे तीन चमचे घेतले.

१९ ऑक्टोबर, शनिवार
दुरुस्ती: काल तीन चमचे लिहिलं. दोन. तिसरा रुमालावर गेला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं. म्हणाले, आता आठवड्यांचा प्रश्न आहे. मी तिथेच हिशेब केला. आठवड्यांचा, म्हणजे किमान दोन. दोन आठवड्यांनी पाच नोव्हेंबर. वर तीन दिवस विश्रांती. शुक्रवारपर्यंत बसतं.

डॉक्टरांनी विचारलं, तुमच्यासोबत कोणी आहे का? मी म्हटलं, बावीस मुलं आहेत. ते माझ्याकडे बघत राहिले. चौथीची, असं मी पुढे म्हटलं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
पपांना वेगळी खोली मिळाली. टोकाची, बागेकडची, एकट्याची. भेटीच्या वेळेचं बंधन नाही, कधीही या म्हणाले. इतकी सवलत सगळ्यांना देत नसावेत. पपांनी नर्सांशी ओळख वाढवली असणार, त्यांचा स्वभावच तसा.

चिखल धुताना शाळेचं बेसिन तुंबलं. विज्ञान रद्द. आता तीन विषय.

१ नोव्हेंबर, शुक्रवार
सर्व संतांचा दिवस. शाळेला हा आठवडाभर सुट्टी, सोमवारी उघडेल. आईच्या थडग्यासाठी शेवंतीची कुंडी घ्यायला गेले. दुकानातल्या बाईनं विचारलं, यंदा एक की दोन? मी म्हटलं, एकच, दरवर्षी एकच नेतो आम्ही. ओमेर शेजारी उभे होते. ते स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले.

आईच्या शेजारची जागा पपांनी तेव्हाच घेऊन ठेवलीय. तिथलं गवत वाढलं होतं. थोडं उपटलं. फक्त बरं दिसावं म्हणून.

३ नोव्हेंबर, रविवार
पपा जागे होते. आवाज बारीक, पण शब्द स्पष्ट. म्हणाले, रोझे, शुक्रवारी मी येणार नाही.

मी म्हटलं, चाकाच्या खुर्चीची सोय केलीय, शाळेच्या दाराशी उतार आहे, मी मोजलाय.

म्हणाले, तू सगळं मोजत बसतेस पोरी, माझंच चुकलं.

मग म्हणाले, सारखी पद्धत, पद्धत म्हणतेस. पद्धत कसली आलीय? तुझी आई गेली त्या सप्टेंबरात तुझं दप्तर भरलं. तुझा हात धरून फाटकापर्यंत गेलो. मागे वळून घराकडे पाहिलं. आणि तुला परत घेऊन आलो. उद्या पाठवू म्हटलं. उद्या उद्या करत सात वर्षं गेली. रोज काहीतरी शिकवायला तर हवं, म्हणून टेबलावर जे पडलेलं असायचं ते उचललं. आपल्याकडे पडलेलं काय असतं? युद्धच.

मी म्हटलं, तरी पद्धत म्हणून ती उत्तमच होती.

म्हणाले, एकट्यानं घरात बसवेना गं मला. तेवढंच होतं.

मग झोप लागली त्यांना.

औषधांनी माणूस असं काहीबाही बोलतो. नियमाप्रमाणे नोंद: असं नर्सनं सांगितलेलं नाही, मी धरून चाललेय.

येण्याबद्दल बुधवारी पुन्हा विचारेन.

५ नोव्हेंबर, मंगळवार
भाषेच्या तासाला प्रत्येकानं पाहुण्यांसाठी एकेक प्रश्न लिहिला. बावीस चिठ्ठ्या. गोळा सापडला की भीती वाटते का? घोड्यांना हेल्मेट असायचं का? तुम्हाला बाई लहानपणी त्रास द्यायच्या का? फेनची चिठ्ठी: "तुम्ही बाईंना शाळेत का पाठवलं नाही?"

शांतता एकतीस सेकंद. विक्रम.

मधल्या सुट्टीत लुटगार्डबाई म्हणाल्या, तू हवी तेवढी रजा घे, चौथी मी बघते. मी म्हटलं, शुक्रवारनंतर. त्या म्हणाल्या, रोझेलीन. नुसतं नाव.

६ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी चिठ्ठ्या घेऊन गेले. पपांचे डोळे मिटलेले. ऐकू येतं म्हणे, म्हणून वाचून दाखवल्या. घोड्यांच्या हेल्मेटला त्यांचं बोट हललं. होकार असावा. एकवीस वाचल्या. फेनची राहिली, वेळ नव्हता.

दुरुस्ती: वेळ होता.

निघताना नर्स माझ्या कोटाचं बटण लावत म्हणाली, उद्या शाळेत नाही गेलात तर बरं. फार चांगली मुलगी आहे. पण उद्या शुक्रवारची तालीम आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ७.५०
नर्सच्या बोलण्याचा नीट विचार केला. तालीम साडेदहाला. मधल्या सुट्टीत निघून साडेबाराला पोचते. तोपर्यंत काही बिघडत नाही. कालही रंग बरा होता.

दुपारी
फोन टेबलाच्या खणात होता. वर्गात फोन नाही, हा नियम मीच मुलांना घालून दिलाय, मग मी कसा मोडणार? खणात चार कॉल. पहिला ९.५२. शेवटचा १०.३६.

१०.३६ ला आम्ही शांततेची तालीम करत होतो. मुलं चाळीस सेकंद गप्प होती. मी त्यांना शाब्बास म्हटलं.

पोचले तेव्हा खिडकी उघडी होती. मी एकच विचारलं, ते एकटे होते का? नर्स म्हणाली, मी होते, हात धरून बसले होते. तिचं नाव विचारायचं राहिलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
शाळेत गेले. लुटगार्डबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, घरी जा बाळ. मी म्हटलं, चार्टमध्ये आज आहे. त्या बाजूला झाल्या.

साडेदहाला फळ्याजवळ खुर्ची ठेवलेली होती, मुलांनी तिच्यावर युद्धातल्या मृतांच्या आठवणीची, कागदाची लाल पॉपीची फुलं चिकटवली होती. मी म्हटलं, आज पाहुणे येणार नाहीत. माझे पपा काल वारले.

कुणी काही बोललं नाही. घड्याळ लावायचं राहिलं, त्यामुळे किती सेकंद ते लिहिता येत नाही.

मग फेननं हात वर केला. म्हणाली, बाई, मग आता घरी तुम्ही एकट्याच?

मी म्हटलं, तुझ्या चिठ्ठीचं उत्तर मला माहीत आहे, ते सांगते. आणि सांगितलं. दप्तर, फाटक, मागे वळून बघणं, सगळं. कुठल्या विषयात बसतं ते बघितलं नाही. तास वीस मिनिटं आधी संपला. उरलेल्या वेळात मुलांनी चित्रं काढली. बहुतेकांनी फाटक काढलं.

परत येताना पाहिलं, खांबाशी गोळा नाही. गवतात त्याच्या आकाराचा पिवळा पट्टा. ओमेर रस्त्यात उभे होते. म्हणाले, आले होते, घेऊन गेले. सकाळी. तू शाळेत होतीस.

ते आमच्या फाटकापर्यंत सोबत आले. टोपी हातात. मी फाटक उघडलं आणि घराकडे पाहिलं.

ओमेरना विचारलं, कॉफी घेता का?

म्हणाले, नको गं, आत्ताच घेऊन निघालो.

मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, घेतो.