उत्तनच्या लाल विजेचा पर्दाफाश

३ ऑक्टोबर
पेपरात इयानचा फोटो. उत्तनजवळच्या तारोडीचा, नववीत माझा विद्यार्थी होता, आता पुण्यात शिकतोय. सुट्टीत घरी आला तेव्हा किनाऱ्यावरून त्याने ढगांच्या वर, ऐंशी किलोमीटर उंचीवर चमकणारी लाल वीज टिपली म्हणे. वर मुलाखतीत सांगतो, 'शाळेत परीक्षेत हेच लिहिलं होतं, सरांनी शून्य दिलं.' नाव घेतलं नाही, पण सोसायटीत सकाळपासून तिघांनी विचारलं. रिटायर्ड माणसाची अब्रू अशी काढायची? सोडणार नाही.

४ ऑक्टोबर
वीज ढगातून खाली पडते. बत्तीस वर्षं शिकवलंय. फोटो फेक आहे. पुरावा गोळा करून पेपरला पाठवायचा, इयानला जाहीर माफी मागायला लावायची. वेळ वाचावा म्हणून माफीचा मसुदा मीच लिहून ठेवला. चांगला उतरलाय.
बायको, सुचेता, म्हणाली, मुलाखत पूर्ण वाचा तरी. हिला सूड म्हणजे काय ते कळतच नाही.

९ ऑक्टोबर
मस्त गडगडाट! छत्री, मोबाइल घेऊन बसने तारोडी गाठली. वाळूत तासभर मान वर करून उभा. लाल काहीही नाही. जिंकलो!
तेवढ्यात इयानचा बाप एडविन बोंबलत धावत आला, छत्री हिसकावली, मला घरात ओढलं. म्हणाला, डोक्यावर ढग हाय, तर ढगावरचं कसं दिसंल सर? वर आकाश साफ पायजे, नि वादळ लांब दर्यात. मासेमारी करणारा माणूस मला फिजिक्स शिकवतोय. चहा प्यायलो, पण मनापासून नाही.

१४ ऑक्टोबर, संध्या. ७.५०
तारोडी. आकाश निरभ्र. त्यांच्याच अटींवर त्यांना हरवणार. लांब क्षितिजावर बारीक लुकलुक, वर नुसत्या चांदण्या. एडविन शेजारी बसलाय. रेकॉर्डिंग चालू. हे रिकामं आकाशच पेपरला पाठवतो.

१५ ऑक्टोबर
दिसली. ढगाच्या कितीतरी वर, लाल, खाली झिरपणाऱ्या मुळ्या असलेली. पापणी लवायच्या आत गेली. मग आणखी दोनदा.
एडविन म्हणाला, पोराला बोटीवरून मीच दाखवलेली. शून्य मिळाला तवा रडला न्हाय. म्हणाला, सरांनी कधी पायलीच नसंल, त्यांची काय चूक.
सुचेताला सांगितलं, काल ढग होते.