चार खुणा

सारसोळे,
ता. ९ डिसेंबर १९५८, मंगळवार सकाळ

ती. स्व. नामदेवदादास,

धाकट्या कमळाकरचा नमस्कार. वहिनी आणि मुलं बरी असतील. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. जवळा बरा मिळतो, अंगणभर वाळत घातला आहे. शाळेत तपासणी यायची म्हणून हेडमास्तरांनी आम्हा मास्तरांकडूनच फळे रंगवून घेतले. पुढे सवयीने ‘इकडील सर्व क्षेम’ लिहायला गेलो आणि हात थांबला.

बाबांचा खोकला थांबला. परवा तू मुंबईत डॉक्टरांना दाखवून आम्हाला होडीत बसवून दिलंस, त्याच औषधाने. काल दुपारपासून एकदाही ढास लागली नाही. शेजारची यशोदाबाई मुद्दाम विचारायला आली. रात्री आई महिन्याने सलग झोपली. मीही खूश होतो, खोटं कशाला सांगू.

आज सकाळचा डोस पाजून आई बाटली घेऊन माझ्यापुढे आली. म्हणाली, “औषद सपला, कमळाकर. चार दिसाचा व्हता ना?”

मी बाबांकडे धावलो. हलवलं की डोळे अर्धे उघडतात आणि मिटतात. ओठ काळेनिळे दिसतात. एक श्वास झाला की दुसऱ्याची वाट बघावी लागते. आपली बहीण पुतळा त्यांना टेकून बसली आहे, तोंडावर पाणी मारते, ‘बाबा, बाबा’ म्हणून हाका मारते. बाकी काय करावं ते गावात कोणालाच कळत नाही.

आई कपाळ बडवून घेते. “माजाच हात सैल परला. मीच जास्ती पाजला त्यान्ना.” सगळे तिला धीर देतात आणि मनातून तिलाच बोल लावतात. मीही तिथेच उभा होतो.

दादा, तिने खुणेबाहेर थेंब ओतला नाही. दर वेळेला बाटली उजेडात धरून बघायची.

खुणा माझ्या होत्या. होडीत औषध तापू नये म्हणून मी बाटली बर्फाच्या पाटीत खुपसली. आपल्याकडे नासण्यासारखं जे असेल ते बर्फात जातं, तसंच. रात्री घरी येऊन बघतो तर कंपाउंडरने डकवलेली कागदाची पट्टी लगदा होऊन गळून गेलेली. परत विचारायला येणं माझ्या जिवावर आलं. ‘चार’ एवढं डोक्यात होतं. वहीचा कागद कापला, चार खुणा केल्या, खळीने डकवला आणि आईला सांगितलं, एका वेळेला एक खूण, दिवसातून तीनदा. चार दिवसांच्या बारा खुणा हव्यात हे मुलांना पाढे शिकवणाऱ्या माणसाला सुचलं नाही. प्रत्येक वेळी तिप्पट गेलं.

डॉक्टर म्हणाले होते, यात गुंगीचा अंश आहे, म्हाताऱ्याची छाती अधू, खुणेपेक्षा जास्त दिलंत तर श्वास मंदावेल. धक्क्यावर तू पुन्हा बजावलंस तेव्हा मी तुला तोडून बोललो, मला वाचता येतं म्हणून.

ओहोटी आहे. दोन्ही होड्या चिखलात बसल्या आहेत. मी गुडघाभर चिखलात उतरून एक ढकलून पाहिली. होडीवाला जानू म्हणाला, “मास्तर, पानी आल्याबिगर ती हलाची नाय.” बाजल्यावर घालून निघालो तरी रस्त्याला लागेपर्यंत तेवढाच वेळ जाईल. पाणी यायला अजून तासभर आहे. तो तास कसा काढू कळेना, म्हणून लिहीत बसलो.

पाणी आलं की मी बाबांना पनवेलला डॉक्टरकडे नेतो. जानू दुसऱ्या होडीने ही चिठ्ठी घेऊन तुझ्याकडे येईल. औषधाचं नाव त्या डॉक्टरांकडून लिहून घे आणि थेट पनवेलला ये. रिकामी बाटली मी बरोबर घेतो, पण तिच्यावर माझ्या कागदाशिवाय काही नाही.

आत्ता आई दारात आली होती. मी सांगायला तोंड उघडलं. तिने विचारलं, “दादाला लिवलास का, माज्या हातून झाला म्हनून?” मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

बाबांचं काहीही होवो, तू आलास की आधी तिला खरं सांग. मी समोर उभा राहीन. माझ्याने सांगवत नाही.

तुझा,
कमळाकर