सोनेरी शिक्क्याची फ्रेम आणि इतर मालमत्ता

गुरुवार, ८ फेब्रुवारी २०२४. बर्फ पडलं नाही, नुसती थंडी. सकाळी चुलीत लाकडं घातली. टपालात विजेचं बिल आलं आणि आमच्या पक्षाचं पत्र आलं. पत्र ऑर्लिनच्या नावानं होतं, देणगी मागणारं. ऑर्लिन ऑक्टोबरमध्ये वारला. बिल टेबलावर ठेवलं, पत्र चुलीत गेलं. दुपारी साक्षीदार येणार आहेत, म्हणून लिहायला बसले.

मी, व्हर्ना स्कोगेन, माहेरची न्यूहस, कै. ऑर्लिन स्कोगेन यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार टॅमरॅक टाउन, एल्स्बर्ग काउंटी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि स्वखुशीनं लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझा भाऊ गेलन याला तशी शंका येऊ शकते, पण तो राज्याच्या विधानसभेत बसतो आणि शंका घेणं हा तिथल्या कामकाजाचा भाग आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. या कागदाचा निकाल ज्यांना आवडणार नाही त्यांनी आवडला नाही एवढंच म्हणावं. खोटा आहे असं म्हणू नये.

कलम १. राहतं घर, मागची जमीन आणि तळ्याकाठची खोली माझी भाची जोएल न्यूहस हिला द्यावी. ती गेलनची मुलगी आहे, पण त्यात तिचा दोष नाही. ऑर्लिनच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळे सँडविच खात उभे होते तेव्हा ती बाह्या वर करून भांडी घासत होती. "आत्या, तू बस," एवढंच म्हणाली. जोएल, पाण्याचा पंप हिवाळ्यात सुरू होताना ओरडतो. घाबरू नकोस, लाथही मारू नकोस. थोडं थांबलं की गप्प होतो.

कलम २. बँकेत जे आहे त्यातून माझा अंत्यविधी करावा, उरेल ते चर्चच्या छपराला द्यावं. हॅमचे सँडविच, कॉफी, दोन गाणी. निवडून आलेल्या कोणाही व्यक्तीनं भाषण करू नये. ऑर्लिनच्या वेळी एक झालं. त्यात 'प्रामाणिक' हा शब्द इतक्यांदा आला की पाद्रीही खाली बघायला लागले. ते आम्हा दोघांना मिळून पुरेल.

कलम ३. मी चीजच्या कारखान्यात दुधाची तपासणी करत असे. तिथून निवृत्त होताना मिळालेल्या काचेच्या नळ्या शाळेला द्याव्यात. ऑर्लिनची सुतारकामाची हत्यारंही शाळेलाच. हातोडा सोडून. तो मला अजून लागेल.

कलम ४. गॅरेजमध्ये पक्षाच्या पाट्या आहेत, ज्या निवडणुकीत घरासमोर लावतात. ऑर्लिननं एकही टाकून दिली नाही, हरलेल्यांचीही नाही. त्यांच्या तारांचे स्टँड टोमॅटोच्या झाडांना चांगला आधार देतात, ते जोएलनं ठेवावेत. नावांचे पुठ्ठे काउंटीच्या पक्ष कार्यालयाला परत करावेत. सोबत ऑर्लिनला वार्षिक जेवणाच्या वेळी मिळालेली निष्ठेची पिनही द्यावी. तिची सुई वाकलेली आहे. ती आमच्याकडे आल्यावर वाकली नाही.

कलम ५. बटाट्याच्या पोळ्या भाजायचा माझा मोठा तवा शेजारीण अल्व्हेरा ट्वेटेन हिचा. ती या कागदाची साक्षीदार असल्यानं तिला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकील म्हणतात. म्हणून तवा मी कालच देऊन टाकला. पण कारण इथे लिहायला हवं.

आमच्याकडे मतदानाच्या टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं शेजारी शेजारी बसतात. ऑर्लिन आमच्या पक्षाकडून, टाउनमधल्या मतदानाचा मुख्य निरीक्षक. अल्व्हेरा समोरच्या पक्षाकडून. वर्षानुवर्षं दोघांनी एकाच थर्मासमधली कॉफी प्यायली, मोजणी मिळून केली आणि यंत्रातून निघणाऱ्या निकालाच्या कागदी पट्टीवर मिळून सह्या केल्या. २०२० च्या नोव्हेंबरात आमचा अध्यक्षपदाचा उमेदवार हरला. आमच्या टाउनमध्ये हरला, काउंटीत हरला, राज्यात हरला. त्याच मतपत्रिकेवर, त्याच्या खाली, विधानसभेसाठी गेलनचं नाव होतं. गेलन निवडून आला.

मग आमच्या पक्षाच्या काही आमदारांनी एक पत्र लिहिलं. काही काउंट्यांची मोजणी विश्वास ठेवण्यासारखी नाही, तेव्हा अध्यक्षपदाचा निकाल बाजूला ठेवून राज्याचा कौल कोणाच्या पदरात टाकायचा ते आम्हीच ठरवू, असं त्यात होतं. एल्स्बर्ग काउंटीचं नाव होतं. गेलनची सही होती. मतपत्रिकेच्या वरच्या ओळीत चोरी झाली होती. गेलनच्या ओळीपर्यंत येताना चोर दमले असावेत.

त्या डिसेंबरात गेलन इथेच, याच टेबलाशी बसला होता. ऑर्लिन कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

"गेलन, मी त्यालाच मत दिलं होतं. ते मोजलं. मग बाकीच्यांचीही मोजली. आणखी काय करायला हवं होतं मी?"

"अरे बाबा, तुझ्याबद्दल कोण बोलतंय?"

"पत्रात काउंटीचं नाव आहे."

"काउंटी म्हणजे काउंटी. तू म्हणजे तू."

"मग काउंटीत मतं मोजतं कोण? रानातली हरणं?"

गेलन हसला. ऑर्लिन हसला नाही.

पुढे निकाल जिथल्या तिथे राहिला, पत्राचं काही झालं नाही. पत्र लिहिणाऱ्यांचंही काही झालं नाही. ऑर्लिनचं मात्र झालं. शुक्रवारी मासे खायला जायचो तिथे आमच्या टेबलावरची माणसं हळूहळू दुसऱ्या टेबलावर गेली. वाणसामानाच्या दुकानात एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "काय ऑर्लिन, किती मिळाले रे?" हे सगळे आमच्याच पक्षाचे. वसंतात ऑर्लिननं निरीक्षकपदाचा राजीनामा दिला. अल्व्हेरा घरी आली आणि दारातच म्हणाली, "तू नाहीस तर मी कोणाशी भांडू तिथे बसून?" ऑर्लिन म्हणाला, "माझ्या जागेवर येईल त्याच्याशी. फक्त थर्मास तू आण."

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हृदय लिहिलं आहे. डॉक्टरांच्या निकालाला मी आव्हान देत नाही.

कलम ६. तळ्यावर बर्फ धरलं की मासे पकडायला ओढून नेतात ती लाकडी टपरी ऑर्लिन आणि गेलननं मिळून बांधली होती. ती गेलनला द्यावी. विनाअट. आत बसायच्या दोन्ही बादल्यांसकट.

कलम ७. स्वयंपाकघरात फोनच्या वर टांगलेली फ्रेम.

ऑर्लिन गेल्यावर काही दिवसांनी राजधानीहून एक खोकं आलं. आमच्याकडे कोणी वारलं, निवृत्त झालं किंवा फार म्हातारं झालं की आमदार सन्मानपत्र पाठवतात. सोनेरी शिक्का असतो, काच असते. हे गेलनच्या कार्यालयाकडून होतं. त्यावर असं छापलं आहे: "ऑर्लिन स्कोगेन यांनी घेतलेल्या प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक मत खरेपणानं मोजलं गेलं, याबद्दल हे सभागृह त्यांचं ऋणी आहे." खाली सही, गेलन न्यूहस.

मी ते चारदा वाचलं आणि खिळा शोधला.

गेल्या रविवारी गेलन आला. ऑगस्टमध्ये पक्षांतर्गत निवडणूक आहे, त्याला आता वरच्या सभागृहात जायचं आहे. कोट न काढताच भिंतीकडे बघत उभा राहिला.

"व्हर्ना, ते खाली उतरव ना."

"का? छान आहे. सोनेरी शिक्का आहे."

"कोणीतरी फोटो काढून पक्षाच्या ऑफिसात पाठवलाय. माझ्याविरुद्ध उभा आहे तो सगळीकडे सांगत सुटलाय, न्यूहस दोन्ही तोंडांनी बोलतो म्हणून."

"बोलतोसच की."

"अगं, ती सही मी केलेलीच नाही! ऑफिसात यंत्र आहे, ते सह्या करतं. मजकूर पोरी तयार करतात, पेपरातल्या मृत्यूच्या बातम्या बघून. मी वाचलासुद्धा नाही."

"आणि ते दुसरं पत्र?"

"ते... ते मी केलं. पेननं."

"वाचून?"

तो कॉफी ढवळत राहिला. गेलन कॉफीत साखर घालत नाही.

म्हणजे खरं लिहिलं त्यावर यंत्राची सही आहे आणि खोटं लिहिलं त्यावर माझ्या भावाची. मी त्याला म्हटलं, "एप्रिलमध्ये टाउनची वार्षिक सभा आहे. दरवर्षी भाषण करतोस. यंदा त्यात एक वाक्य घाल. ऑर्लिननं मतं बरोबर मोजली. मग ही फ्रेम तुझी, चुलीत घाल हवी तर."

"एप्रिल ऑगस्टच्या आधी येतो गं."

"दरवर्षी."

"ऑगस्ट होऊ दे, मग म्हणेन. शप्पथ."

"ऑर्लिनही हेच म्हणायचा. पुढची निवडणूक होऊ दे, मग गेलन बोलेल. ती झाली. मग ऑर्लिनच राहिला नाही."

"तुला कळत कसं नाही? पक्ष सोडला तर मी कोण आहे, सांग बघू?"

"माझा भाऊ," मी म्हटलं. त्याला ते कमी वाटलं असावं.

मी कोठीतून केक आणायला गेले. परत आले तर फ्रेमचं तोंड भिंतीकडे होतं आणि गेलन दारात हातमोजे घालत होता. "येतो," म्हणाला. मी फ्रेम पुन्हा सरळ केली आणि केक एकटीनं खाल्ला.

तरी ही फ्रेम माझ्या पश्चात टॅमरॅक टाउनला द्यावी आणि टाउन हॉलमध्ये, वार्षिक सभेत बोलणारा माणूस उभा राहतो त्याच्या बरोबर मागच्या भिंतीवर लावावी. गेलननं भर सभेत वरचं वाक्य म्हटलं तर त्यानं ती स्वतःच्या हातानं उतरवून न्यावी. त्याला मुदत घातलेली नाही. तो म्हणेल अशी मला आशा आहे, आणि हे मी उपरोधानं लिहीत नाही.

कलम ८. टाउन हॉलची ऑर्लिनकडची किल्ली परत द्यायची राहिली आहे. ती टाउनचे अध्यक्ष मर्विन आस यांना द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जोएलनं करावी. वडिलांनी काही समजावलं तर ऐकून घ्यावं आणि लिहिलं आहे तसंच करावं.

वरचा मजकूर मी वाचला, मला समजला, आणि तो खरा आहे म्हणून सही करते. सही माझ्या हाताची आहे.

व्हर्ना स्कोगेन

आमच्या दोघांच्या समोर व्हर्ना स्कोगेन यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि कॉफी कडक होती.

साक्षीदार १: अल्व्हेरा ट्वेटेन
साक्षीदार २: मर्विन आस

ठिकाण: टॅमरॅक टाउन, एल्स्बर्ग काउंटी
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२४

वकील म्हणतात, सहीच्या खाली लिहिलेल्याला कायद्यात अर्थ नसतो. म्हणून हे खाली लिहिते.

मर्विन आमच्याच पक्षाचा. सातवं कलम वाचून त्यानं चष्मा काढला. "मेल्यावर कशाला, व्हर्ना? भिंत आत्ताही रिकामीच आहे."

"आणि एप्रिलला गेलन येईलच भाषणाला," अल्व्हेरा म्हणाली.

"मला काही माहीत नाही," मर्विन म्हणाला. "किल्लीचंही मला माहीत नाही."

ते गेल्यावर कप विसळले, फ्रेम उतरवून टॉवेलात गुंडाळली, हातोडा आणि किल्ली घेतली. टाउन हॉलमध्ये हीटर बंद होता. बोलणारा उभा राहतो तिथे उभी राहिले, मागे वळले, गेलनची उंची आठवून खुणेसाठी पेन्सिल टेकवली. खिळा एका दमात गेला. फ्रेम डावीकडे कलली होती, ती सरळ केली. भिंतीचा भुगा खाली पडला होता तो झाडला, केरसुणी जागेवर ठेवली, दिवा मालवला. बाहेर येऊन कुलूप लावलं आणि लागलं का ते ओढून पाहिलं.